उमरखेडच्या शाळेचं छत

आम्ही दोघंही स्ट्रक्चरल इंजिनिअर. अमरावतीला एकाच वर्गात शिकलो, त्याच्या गावी बोरी अरबच्या विहारात लग्न केलं आणि यवतमाळला पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ऑफिस थाटलं. माझे वडील कचेरीत नोकरीला, घर जुन्या वळणाचं. ते लग्नाला आले नाहीत आणि पुढं बरीच वर्षं आमच्या घरचं पाणीही प्यायले नाहीत. आम्हाला मूल झालं नाही. त्यामुळं आमचं जे काही एकत्र वाढलं ते त्या ऑफिसातच वाढलं. पेट्रोल पंपांची छतं, जिनिंगचे शेड, मंगल कार्यालयं, पाण्याच्या टाक्या. त्याचा हात लोखंडात, माझा काँक्रीटमध्ये. एकानं केलेलं दुसऱ्यानं तपासायचं हा नियम, आणि तपासताना दयामाया दाखवायची नाही. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना आम्ही तुळयांवरून भांडायचो. इतर नवरा-बायको एकमेकांशी काय बोलतात ते मला खरंच माहीत नाही. आम्ही हे बोलायचो.

उमरखेडकडं अलीकडच्या वर्षांत भूकंपाचे धक्के जाणवतात. हिंगोलीच्या बाजूनं येतात, लहानच असतात, पण मांडणीवरची भांडी वाजायला लागली की माणसं लेकरांना उचलून रस्त्यावर धावतात. तिथल्या एका शाळेला अंगणात छत हवं होतं, कारण मुलं बसची वाट पाहत उन्हात उभी राहायची. गावातला वेल्डिंगवाला आठवड्यात उभं करून देतो म्हणत होता. मुख्याध्यापिका बाईंनी त्याला थांबवलं आणि आम्हाला फोन केला.

आम्ही आर्णी, महागाव करत गेलो. गाडी त्यानंच चालवली. बाईंनी जागा दाखवली. कुंपणाच्या भिंतीलगत खांबांची एकच ओळ घ्यायची, आणि छप्पर त्या ओळीवरून अंगणावर पुढं काढायचं. पुढच्या बाजूला एकही खांब नको, कारण तिथून बस वळते. ओळीच्या एका टोकाला जिन्याची पक्की काँक्रीटची खोली होती. दुसरं टोक गेटाकडं, आणि तिथं जमीन उतरती.

"छत या खोलीलाच जोडून टाकू, सर," बाई म्हणाल्या. "तेवढाच पक्का आधार."

"तिथंच तर गोची आहे, बाई," तो म्हणाला. त्यानं वर्गातला एक लांब बाक बाहेर आणायला लावला. एका टोकाला धिप्पाड शिपाई, दुसऱ्या टोकाला शाळेचे किडकिडीत कारकून. "तुम्ही घट्ट धरायचं, जागचं हलायचं नाही," त्यानं शिपायाला सांगितलं. "आणि तुम्ही नुसता उचलून धरा." मग त्यानं बाकाला मधोमध एक धक्का दिला. शिपाई होता तिथंच राहिला. कारकुनाकडचं टोक गर्रकन फिरलं आणि कारकून मागं मागं जात थेट भिंतीला टेकले. सगळे हसले, कारकूनही.

"धक्का मी मधे दिला," तो बाईंना म्हणाला. "पण फिरलं ते ढिलं टोक. जमीन हलली की तुमच्या छताचं असंच होणार. खोलीकडचं टोक खोली धरून ठेवणार, गेटाकडचे खांब उंच आणि लवचिक. त्यात छपराचं सगळं वजन खांबांच्या पुढं. वजन एकीकडं, ताकद दुसरीकडं. मग छत नुसतं मागंपुढं झुलत नाही, त्याला पीळ बसतो. आणि तो सगळा पीळ गेटाकडच्या शेवटच्या खांबाला सोसावा लागतो. त्या खांबाखाली मुलं उभी असतील."

बाईंचं हसू गेलं. "मग काय करायचं?"

"खोलीला जोडायचंच नाही. मधे फट ठेवायची, चार बोटांची. खोलीनं आपलं हलावं, छतानं आपलं. आणि खांब असे करायचे की दोन्ही टोकं सारखीच सरकतील."

आमच्या धंद्यात या दोषाला पिळाची अनियमितता म्हणतात. एक टोक दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त सरकत असेल तर आकडेमोड पुन्हा पहिल्यापासून. मी हे पुस्तकातून शिकले होते. पण खरं समजलं ते त्याच्याकडून, लग्नाच्या आधी, कॉलेजच्या कँटीनमध्ये. त्या दिवशी उमरखेडला तो बोलत असताना मी कुंपणाशी उभी राहून मापं लिहीत होते आणि नेहमीसारखी अर्धवटच ऐकत होते. तो हे कुणाला समजावून सांगतोय असं मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

काम सुरू झालं. आमची पद्धत अशी की तो आधी पेन्सिलीनं रेखाटन करायचा आणि मी त्यावरून कॉम्प्युटरवर सांगाडा उभा करायचे. त्यानं रेखाटन माझ्या टेबलावर ठेवलं. छप्पर जिन्याच्या खोलीला बोल्टनं जोडलेलं होतं.

"फट कुठं गेली?" मी विचारलं.

"अरे हो," म्हणाला, आणि कागद घेऊन गेला.

पुढच्या रेखाटनात फट होती, पण गेटाच्या टोकाला. तिथं वेगळं करण्यासारखं काही नव्हतंच, मोकळी जागा होती. मी हसले. "झोप झाली नाही का?" तोही हसला. त्यानंतरच्या कागदावर त्यानं तिरका आधार फक्त खोलीकडच्या दोन खांबांमध्ये दिला होता, म्हणजे जे टोक आधीच घट्ट ते आणखी घट्ट. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे करत नाही. मी तो कागद घेऊन त्याच्या टेबलाशी गेले आणि जरा चिडूनच म्हणाले, "अरे, हे वळेल ना!"

त्यानं कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "वळेल म्हणजे?"

मला वाटलं माझी परीक्षा घेतोय. शिकाऊ पोरांची तो अशी फिरकी घ्यायचा. म्हणून मीही शिकाऊ पोरीसारखं सगळं सांगितलं, वजनाचा मध्य कुठं, ताकदीचा मध्य कुठं, त्यांच्यातलं अंतर किती. तो माझ्या ओठांकडं पाहत होता, बहिरी माणसं पाहतात तसा. माझं संपल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाला, "पण वळन कायले?"

कायले. हा शब्द मी आमच्या ऑफिसात त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बोरीची बोली त्यानं कॉलेजच्या पहिल्याच वर्षी घासून काढली होती, कारण तोंडी परीक्षेला मास्तर हसले होते. त्यानंतर ती फक्त त्याच्या मोठ्या बहिणीशी बोलताना यायची. मी कागद खाली ठेवला. खिडकीतून खालच्या रस्त्यावरची ऑटोवाल्यांची हाकाहाक ऐकू येत होती.

नागपूरच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या. स्कॅन वगैरे झालं. मग त्यांनी एका कागदावर दोन पंचकोन काढले, एकमेकांत थोडे अडकलेले, आणि तसेच काढायला सांगितले. ज्या माणसानं आयुष्यभर रेघा ओढल्या त्याच्यासमोर पंचकोन. त्यानं पहिला काढला, स्वच्छ, कोपरे नेमके. दुसरा काढायला घेतला आणि पेन्सिल थांबली. बराच वेळ तो ती जागा शोधत राहिला, जिथं दुसऱ्यानं पहिल्यात शिरायचं होतं. शेवटी दुसरा पंचकोन त्यानं बाजूला वेगळाच काढला. डॉक्टर "ठीक आहे" म्हणत कागद ओढून घेत होते, पण त्यानं कागदावर हात ठेवला.

"नाही," म्हणाला. "चुकलं आहे. काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकलं आहे."

आजाराचं नाव डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. वयाच्या मानानं लवकर आला आहे, म्हणाले. ताकद, भूक, स्वभाव हे सगळं बरीच वर्षं चांगलं राहू शकेल. जागेची, आकाराची, हिशेबाची समज आधी जाईल. मी विचारलं, "परत येते का?" त्यांनी मान हलवली. परतताना गाडी मी चालवली. तो खिडकीतून बाहेरची कपाशी पाहत होता. वर्धा मागं पडल्यावर म्हणाला, "आता सही तूच करत जा." एवढंच. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिला. म्हणजे त्या क्षणी त्याला सगळं कळत होतं, आणि ते मला सर्वात वाईट वाटतं.

उमरखेडचं काम मी एकटीनं पूर्ण केलं. खोलीशी फट ठेवली. गेटाकडच्या उतारावर काँक्रीटचे ओटे वर उचलले, म्हणजे लोखंडी खांबांची उंची सगळीकडं सारखी झाली. दोन्ही टोकांचे खांब मधल्यांपेक्षा दणकट केले आणि छपराच्या पोटात तिरक्या पट्ट्या घातल्या, म्हणजे सगळं छप्पर एकजीव हलेल. पहिल्या खेपेला गेटाकडचं टोक अजून जास्तच सरकत होतं. पुन्हा बदललं. होता होता दोन्ही टोकांचे आकडे जवळ आले. एवढा आनंद झाला की सवयीनं मी खुर्ची वळवली आणि ओरडले, "जमलं! ये, बघ."

तो आला, पडद्यासमोर उभा राहिला. मी वाट पाहत होते. त्यानं माझं एकही डिझाईन कधी पहिल्या झटक्यात मंजूर केलं नव्हतं. काहीतरी काढायचाच. बोल्ट लहान आहेत, पाया उथळ आहे, पावसाचं पाणी कुठं जाणार. तो थोडा वेळ पाहून म्हणाला, "छान दिसतंय."

असं तो परक्यांना म्हणायचा. आर्किटेक्टांना, कंत्राटदारांना, कुणाचं मन मोडायचं नसलं की. मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले.

ते काम मी नागपूरच्या एका जुन्या वर्गमित्राकडून तपासून घेतलं, तपासल्याशिवाय काही बाहेर पाठवायचं नाही हा आमचा नियमच होता. मित्रानं दोन बारीक गोष्टी दाखवल्या, मी दुरुस्त केल्या. मग त्यानं फोनवर विचारलं, "तो कसा आहे?" मी म्हटलं, तब्येतीनं ठणठणीत आहे.

त्या सुमारास त्याची मोठी बहीण, आमच्या ताई, बोरीहून राहायला आल्या. आई लवकर गेल्यामुळं ताईंनीच त्याला वाढवलेलं. त्या आल्या आणि घर बदललं. सकाळी दोघं बहीणभाऊ अंगणात बसून बोलायचे, लहानपणच्या विहिरीचं, मेलेल्या बैलाचं, शाळेतल्या माराचं. तो पूर्ण बोरीच्या बोलीत बोलायचा आणि खळखळून हसायचा. मला त्यातलं निम्मं माहीतही नव्हतं. एकदा मी दारात उभी राहून ऐकत होते, तर ताई आत आल्या आणि माझे डोळे पाहून थबकल्या.

"काहून वं, काहून रडून राह्यली?" त्यांनी विचारलं. "त्याले काय झालं? जेवते, झोपते, हासते. कोणाले तरास नाही त्याचा."

"ताई, त्याला आता काम येत नाही," मी म्हटलं.

"नाही आलं तं नाही आलं. जलमभर केलं ना त्यानं काम. तू हायेस ना करायले."

"तसं नाही. तो माझ्याशी जे बोलायचा ते आता कुणीच बोलत नाही."

मला आत बसवून ताई माझ्याशेजारी बसल्या. पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "तुले खरं सांगू? राग नको धरू. तो शिकाले गेला ना अमरावतीले, तवापासून मले तो भेटलाच नाही. यायचा, दिवाळी करून जायचा, पैशे द्यायचा. पण पुस्तकासारखा बोलाचा. मले वाटे, आपून अडाणी, याले काय बोलाव? आता इतक्या वर्सानं माहा भाऊ मले वापस भेटला. मी देवाधर्माचं नाही सांगत तुले, पण मले तं बरं वाटून राह्यलं. आन् तुले रडताना पाह्यलं का मले माहीच लाज वाट्टे."

मला त्यांचा राग आला नाही. पण त्या जे म्हणाल्या ते मी अजूनही नीट गिळू शकलेले नाही. आम्ही दोघी एकाच माणसाबद्दल बोलत होतो. त्यांना तो मिळत होता, आणि माझ्यापासून जात होता.

छत उभं करायचं ठरलं तेव्हा मी त्याला सोबत नेलं. ताई म्हणाल्या होत्या, नको नेऊ. पण त्याला यायचं होतं, सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. आणि खरं म्हणजे मलाच एकटं जायचं नव्हतं. लोखंडाचं काम करणारा फॅब्रिकेटर आमच्या जुन्या ओळखीचा, त्याच्याकडून आम्ही अनेक कामं करून घेतली होती. त्याला आजाराचं मी सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. धंद्यात अशी बातमी पसरली की जुनी कामंसुद्धा लोक संशयानं पाहतात, अशी मला भीती.

मी गेटाकडं ओट्यांची उंची तपासत होते. मुख्याध्यापिका बाई माझ्यासोबत होत्या. खोलीच्या टोकाकडून वेल्डिंगचा उजेड दिसला. तिथं आता वेल्डिंग करायचं काहीच नव्हतं. मी भराभर तिकडं गेले. फॅब्रिकेटर छपराच्या लोखंडी चॅनेलपासून खोलीच्या भिंतीवर ठोकलेल्या प्लेटपर्यंत एक तुकडा जोडत होता. फट बंद होत होती.

"हे काय करताय?"

तो चष्मा वर करून म्हणाला, "मॅडम, ही फट उघडी दिसते, पाणी गळेल म्हणून साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, द्या जोडून."

माझा नवरा त्याच्या शेजारीच उभा होता, हात मागं बांधून, साइटवर नेहमी उभा राहायचा तसा. चेहऱ्यावर समाधान होतं. कुणीतरी त्याला विचारलं होतं, आणि त्यानं उत्तर दिलं होतं.

मी त्याला बाजूला घेऊन सांगू शकले असते असं आता वाटतं. पण तुकडा जोडला जात होता, बाई मागून येत होत्या, सगळी माणसं पाहत होती, आणि लोखंडाच्या कामात नंतर बघू असं म्हणून चालत नाही. मी म्हटलं, "नाही. कापून काढा. ही फट मोकळीच राहील. इथून पुढं फक्त मला विचारायचं."

आमच्या इतक्या वर्षांत बाहेरच्या माणसांसमोर मी त्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्यानंही माझा नाही. भांडणं सगळी घरात. फॅब्रिकेटरनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि त्याला कळलं. त्यानं मान खाली घालून मशीन उचललं. बाईंनाही कळलं असावं. त्या पटकन त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सर, चला, चहा घेऊ." तो गेला. जाताना एकदा मागं वळून त्या फटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला सोसलं असतं. तो ओशाळला होता.

 परतताना गाडी आर्णीच्या जवळ आल्यावर तो म्हणाला, "मी चुकीचं सांगतलं का तिथं?"

"हो."

"पोरायच्या अंगावर पडलं असतं?"

"कदाचित. मोठा धक्का आला असता तर."

"मंग तू बरं केलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "मले आता कुठी नको नेऊ."

त्यानंतर त्यानं इस्त्रीचा शर्ट मागितला नाही. पावसाळा संपता संपता तो दोनदा न सांगता घराबाहेर पडला. दोन्ही वेळा बस स्टँडवर सापडला, बोरीची गाडी विचारत. दुसऱ्या वेळी ताई मला म्हणाल्या, "तो तिकडंच जाऊन राह्यला तं नेऊ दे मले. तू ऑफिस पाह्यशीन का त्याच्या मागं फिरशीन?" मी नाही म्हटलं. आठवडाभर नाहीच म्हणत राहिले. मग एका सकाळी त्यालाच विचारलं, "बोरीला जायचं का राहायला, ताईंकडं?"

त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढं काही विचारता आलं नाही. "तू पण येशीन ना?" तो म्हणाला.

"रविवारी येईन."

त्याचे कपडे मी भरले. औषधांवर सकाळ-संध्याकाळ लिहिलं. तो गाडीत बसला तेव्हा त्यानं काच खाली केली आणि म्हणाला, "जेवत जा वेळेवर." ताईंनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

पुढं हिवाळ्यात एका सकाळी उमरखेडला पुन्हा धक्का जाणवला. मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. मुलं छताखालीच होती, म्हणाल्या, काही झालं नाही, छत जागच्या जागी आहे, सरांना नक्की सांगा. मी सांगते म्हटलं. पण मला माहीत आहे, त्या धक्क्यानं काहीच सिद्ध झालं नाही. एवढ्या लहान धक्क्यात वेल्डिंगवाल्याचं छतसुद्धा उभं राहिलं असतं. हे त्याला पूर्वी सांगितलं असतं तर तो खूश झाला असता, म्हणाला असता, बरोबर, उगाच पाठ थोपटून घेऊ नकोस.

रविवारी मी बोरीला गेले. तो ताईंसोबत ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. उन्हानं काळवंडला होता, जरा अंगानंही भरला होता. मला पाहून उठला, आतून स्वतः पाणी आणून दिलं. मी त्याला धक्क्याचं सांगितलं, मुलांचं सांगितलं. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. "कोणाले लागलं तं नाही ना?" त्यानं विचारलं. नाही म्हटल्यावर "मंग चांगलं झालं" म्हणाला आणि माझ्या ओंजळीत सोललेल्या तुरी ओतल्या. मी त्याच्याजवळ बसले आणि शेंगा सोलायला लागले. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही तिघं तेच करत होतो.

माझ्या टेबलावर सध्या घाटंजीच्या एका पेट्रोल पंपाचं छत आहे. एका बाजूला ऑफिसची इमारत येते, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. काम मला येतं. मी ते बरोबर करेन, नागपूरचा मित्र तपासून देईल. दुपारी काम करता करता मी अजूनही मोठ्यानं बोलते, की हे टोक जास्त सरकतंय, काय करायचं. शेजारच्या खोलीतलं त्याचं टेबल मी काढलेलं नाही. ती खोली भाड्यानं द्या म्हणून दोघांनी विचारलं. मी त्यांना अजून काही उत्तर दिलेलं नाही.